पायाला माणूस लागतो

साहेबांवर दोन जाड पुस्तकं निघाली आहेत. नातसून मला वाचून दाखवते. विलायतेत बॅरिस्टर झाले, गोऱ्यांच्या राज्यात भर सभेत गोऱ्यांनाच गप्प बसवलं, आपल्या राज्यात मंत्री झाले, पटेना तेव्हा राजीनामा देऊन घरी आले, सगळं त्यात आहे. अखेरची वर्षं पनवेलीला काढली हेही आहे. आमच्या गावच्या उघाडीबद्दल एकच ओळ आहे, की ‘स्थानिक गैरसमजामुळे’ ते काम अपुरं राहिलं. तो गैरसमज माझ्या तोंडून निघाला. साहेब गेले, ऐकणारेही बहुतेक गेले, म्हणून लिहितो.

मी तिसरी शिकलेला गवंडी. बाप गवंडी, आजा गवंडी. गाव खाडीच्या काठाला, भातशेती सगळी बांधाआड. बांधाला एक दगडी तोंड असतं, त्याला लाकडी झडप, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ती पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला खारं पाणी अडवते. आमची उघाडी ढासळली होती. साहेब म्हणाले, दगड-सिमेंट मी आणवतो, मेहनत तुमची. घरटी एक माणूस ठरला, मिस्त्री मी. होळी झाल्यावर बांध फोडून पाया खणला. पावसाच्या आत उघाडी उभी राहिली नाही, तर फोडलेल्या जागेतून खाडी सरळ शेतात येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातच एक दिवस साहेबांनी खोलीतली ओल बघायला पनवेलीच्या बंगल्यावर बोलावलं. कपाटाशी एक पेटी उघडी होती. आत कमरेला पुढून बांधायचं पांढरं कातडं, निळ्या काठाचं, आणि वर चांदीचा, काटकोन बघायचा गुण्या नि कर्कटक.

“साहेब, गुण्या गवंड्याचा. तुमच्याकडं कसा?”

ते हसले. “मीही गवंडीच, मिस्त्री. मुंबईला आमची सभा भरते, तिचं इंग्रजी नावच ‘गवंडी’ असं आहे.”

“थापी धरलीत कधी?”

“नाही.”

“मग कसले गवंडी! या गुण्याला चुन्याचा डागसुद्धा नाय.”

“खरं आहे. आम्ही म्हणे माणूस घडवतो. दगड टाकीनं घडवतात तसा.”

“दाराआड करता काय पण?”

“ते सांगायचं नाही अशी शपथ आहे.”

मला राग आला. तीन पिढ्यांचा गवंडी मी, आणि गवंड्यांची गोष्ट मलाच सांगायची नाही. त्यांना तो दिसला असावा. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दगड कुठलाही चालतो हो. पायाला माणूस लागतो. म्हणून तर तुम्हाला घेतलं.”

तो माझा मान होता. मला तेव्हाच कळला होता.

संध्याकाळी देवळाच्या पारावर चुलतभाऊ टपूनच बसला होता. मुंबईतल्या त्या सभेच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत, आणि गोदीतल्या आमच्या माणसांनी ती बाहेरून पाहिलेली.

“काय मिस्त्री, जादूघरवाल्यानं आत घेतला क तुला? तू तर खरा गवंडी!”

“याला नाय घेनार. याच्या थापीला चांदी कुठं हाय?” दुसरा कोणी म्हणाला. सगळा पार हसला.

“हसू नका,” मी म्हटलं. “कमरेला कातडं बांधतात तिथं. शपथ घेतात. साहेबानं मला तोंडानं सांगितलं, पायाला माणूस लागतो.”

हसणं थांबलं. त्यांनी काय धरलं ते मला लगेच समजलं. पुलाला माणूस लागतो, धरणाला लागतो, पायात बळी गाडल्याशिवाय बांधकाम टिकत नाही, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत आलेली. अरे बाबांनो, ते माझ्याबद्दल बोलले, एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या गुमान माझं बोलणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी उठून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पायावर एकही माणूस आला नाही. तिसऱ्या दिवशी बायांनी पोरांना बांधाकडं जायची बंदी केली.

साहेब काठी टेकत चालत गावात आले. “हे कोण म्हणालं?”

कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आपला माणूस परक्याला दाखवून द्यायचा नाही, ही आमची रीत. माझी विधवा आत्या पुढं झाली.

“साहेब, तुमी देवमानूस. येकच सांगा. त्या जादूघरात काय करता?”

“वाईट काही नाही, बाई.”

“मंग सांगा ना.”

“शपथ आहे माझी. सांगता येणार नाही.”

“मंग आमाला पन येता येनार नाय.”

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. या मिस्त्रीला विचारा, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. तेवढंही म्हणाले नाहीत. त्यांनी शपथ राखली. मी नाक राखलं.

साहेबांनी बाहेरून मजूर आणले, ते गावानं हाकलले. मी एकटा आठ दिवस दगड लावत राहिलो. बायको म्हणायची, “आवं, तोंडानं बोला काय ता.” मी दगड लावत होतो. एकट्यानं उघाडी होत नसते.

आषाढातल्या अवसेच्या उधाणाला पाणी आत आलं. लावलेली रोपं आठवड्यात लाल पडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अर्धं गाव मिठागरावर नि गोदीत मजुरीला गेलं. साहेब पहिल्यांदा पाणी आलं त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास वारले. पनवेलीचा बाजार बंद राहिला. आमच्या गावातून मौतीला कुणी गेलं नाही. मीही नाही.

बापानं शेतातली माती जिभेला लावली, थुंकला, आणि घरी येऊन अंथरूण धरलं. दोन वर्षं पडून होता. जीभ तेवढी शाबूत होती, आणि तिच्यावर साहेबांना शिव्या. त्या जादूघरवाल्यानं माझं शेत खाल्लं म्हणायचा. मी त्याला पेज पाजायचो. शिवी सुरू झाली की चमचा तोंडाशी थांबवायचो, ती पुरी होईपर्यंत, आणि मग पुढचा घास द्यायचो.