अजून खर्व यायचाय

"पाय खाली टेकवायचा नाही. अजून खर्व यायचाय."

हे ताईंचं रोजचं वाक्य. घाटात गाडी घसरून माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली, तेव्हा ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला त्या तळेगावहून स्कूटरवर खंडाळ्याला यायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, दारातून आत आली की घर त्यांचंच होतं. मी टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर. डाव्या पायाने क्लच दाबता आला तर घाट माझा, नाहीतर कायमचं घरी बसणं.

उताणं झोपून पाय सरळ वर धरायचा आणि मोजायचं. पण एक-दोन-तीन नाही. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष... प्रत्येक शब्द आधीच्याच्या दहापट, असं खर्व, निखर्व करत थेट परार्धापर्यंत. मी वैतागलो. म्हटलं, "ताई, मला गाडी चालवायचीय, चंद्रावर नाही जायचं."

"एक-दोन-तीन म्हटलं की पेशंट पळत सुटतो," त्या म्हणाल्या. "हे आठवावं लागतं. तेवढा वेळ माणूस दुखणं विसरतं."

सुरुवातीला पाय सहस्रालाच पडायचा. एकदा लबाडी करून दशलक्षावरून अब्जावर उडी मारली. ताई मोबाईलमध्ये बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोटी कुठे सांडली? चला, परत एकंपासून." बायको माहेरी, सुदुंबऱ्याला, फोन करून सांगायची की आज हे निखर्वापर्यंत गेले. सासूबाई म्हणायच्या, "लय झालं की! पर कामाला कवा लागायचं?"

शेवटून दुसरा शब्द 'मध्य'; तो म्हणून झाला की मी गप्प बसायचं. परार्ध हा शेवटचा शब्द ताईंचा. तो त्यांनी उच्चारला की मगच पाय खाली. कधीकधी मुद्दाम उशीर करायच्या. भारी खट बाई.

मी पुन्हा गाडी धरली, त्या दिवशी त्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. घाटात चढावर गाड्यांची रांग लागली होती आणि क्लचवर माझा पाय लटलटत होता. पुटपुटत कसाबसा मध्यपर्यंत आलो. समोर बघतच त्या म्हणाल्या, "परार्ध. झालं, आता तुम्ही माझे पेशंट नाही."

मागच्या वर्षी ताई गेल्या. फार आठवण येते त्यांची.

शनिवार-रविवारी घाट तुंबतो. मी क्लच दाबून धरतो आणि मनात मोजायला लागतो. पाय आता जराही हलत नाही. मध्यपर्यंत येतो आणि थांबतो. पुढचा शब्द मी म्हणत नाही. मागची गाडी हॉर्न वाजवेपर्यंत पाय तसाच दाबलेला असतो.