रुमालाखालचा हात

चौथी झाली, शाळा सुटली आणि वडूजकडचा मी सांगलीला हळदीच्या अडतीवर येऊन पडलो. मालकांनी काटा धरायला शिकवलं, वखारीत झोपायला जागा दिली, एकदा ताप आला तेव्हा घरची पेज पाठवली. असल्या माणसाकडं पगार वाढवून कोणत्या तोंडानं मागायचा? लग्न झालं, गावी आईजवळ लेकरू झालं, तरी मी मिळेल त्यात गप्प होतो. पण जर्मनची लढाई लांबली आणि जोंधळे, रॉकेल, लुगडं, सगळंच हाताबाहेर गेलं. आईनं गावच्या माणसाकरवी निरोप धाडला, की आम्ही सांजची चूल बंद केली आहे, तू मात्र जेवत जा. त्यानंतर मला घास गिळवेना.

वखारीतला म्हातारा हमाल रोज टोचायचा. "माग की रं गड्या. मालक काय वाघ हाय?"

वाघ परवडला असता. वाघाला नोकर बदलता येत नाही. आमच्या दुष्काळी मुलखातली माणसं रोज दारात काम विचारून जात होती.

तेव्हा हळदीचा भाव कुणी तोंडानं बोलत नसे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून आकडा कळवत. समोरच्याचं उत्तर यायच्या आधी ज्यानं हात काढला, त्यानं सौदा मोडला. त्या मालाची गोष्ट मग त्या दिवशी पुन्हा निघायची नाही.

एका दुपारी मी मालकांपुढं जाऊन उभा राहिलो. दोन खरेदीदार अजून चहा पीत बसले होते. "मालक, म्हागाई..." एवढंच बोललो आणि खरेदीदारांकडं बघितलं. मालकांनी पाहुण्यांकडं पाहिलं, मांडीवर रुमाल पसरला.

"चार माणसांत कशाला? महिन्याला किती रुपये वाढवू, हितं सांग."

जन्मात प्रथमच मी त्या रुमालाखाली हात घातला. त्यांचा तळवा कोरडा, माझा घामानं भिजलेला. मी दोन बोटं दाबली. त्यांचा हात तसाच थांबला, हलेना. संपलं, असं वाटलं आणि मी हात उपसून घेतला.

एक खरेदीदार हसला. "ह्यानं तर सौदाच मोडला की वो."

"मोडला खरा," मालक रुमालाची घडी घालत म्हणाले. "आज न्हाई आता."

ते रागावले होते की गंमत करत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. संध्याकाळी मी वळकटी बांधून ठेवली. हमालानं मला झाप झाप झापलं. उद्या पुन्हा हात घाल, म्हणाला, आन् खांद्यातनं उपटला तरी काढू नगंस.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मालकांनी माझी कामंही कारकुनाकरवीच सांगितली. काट्याकडं बघताना माझे डोळे भरून येत होते. सौदे उरकल्यावर त्यांनी माझ्याकडं न बघता रुमाल पसरला. मी दोन बोटं दाबली. त्यांनी एक दाबलं. रीतीप्रमाणं मी पुन्हा दोन दाबायला हवी होती, पण धीर झाला नाही. मात्र हातही काढला नाही. मालक कारकुनाशी बारदानाच्या पोत्यांविषयी बोलत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी पुढच्या बोटाचं अर्धं पेर दाबलं आणि आपला हात काढून घेतला.

"दीड. झालं. जा, काटा बघ."

त्या महिन्यात गावाकडं सांजची चूल पेटली. मालकांचे उपकार मी आजही मानतो. पण पगार वाढला आणि माझी भीतीही वाढली. आमच्याकडचा एखादा गडी काम विचारायला आला, मालक त्याच्याशी जरा जास्त वेळ बोलत उभे राहिले, की माझं काट्यावरचं लक्ष उडायचं. माझ्या मनात एकच यायचं, हा माझ्यापेक्षा दीड रुपयानं स्वस्त आहे.