दाजींनी काढलेला अक्काचा फोटो

भाच्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघाले होते. "मावशी, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. सकाळी नेहमीसारखं अंबाजोगाईच्या स्टुडिओचं कुलूप काढलं, खुर्चीत बसले आणि… संपलं. त्याला आता महिना होत आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गावाला ते मन्मथअप्पा फोटोवाले म्हणून माहीत. अक्का त्यांच्या आधीच गेली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या कॅमेऱ्याविषयी बोलतो, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

कॅमेरा कसला, चौकोनी खोकाच तो. छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, हा भला माणूस आपल्याला वाकून नमस्कार करतोय. मग तेही घाईघाईनं हात जोडायचे. त्यामुळे केज-धारूरकडच्या कितीतरी घरांत आजे-पणजे भिंतीवर हात जोडून बसलेत! दाजींनी कधी कुणाला "हात खाली घ्या" म्हटलं नाही. एका रोलमध्ये फोटो बाराच, म्हणून एका माणसाला एकच. आधी चहा पाजायचे, पिकापाण्याचं विचारायचे, आणि माणूस कॅमेरा विसरला की खट्.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. कपिलधारला गेलो की फोटोत धबधबा भरघोस यायचा आणि अक्का कोपऱ्यात मुंगीएवढी. "अवो, माझा कावून काढत न्हाईत?" ती विचारायची. "तू कुठं पळून चाललीस का?" हे दाजींचं ठरलेलं उत्तर.

पुढे गल्लोगल्ली कलर लॅब आल्या, मुठीत मावणारे डिजिटल कॅमेरे आले आणि औरंगाबादच्या दुकानदारानं त्या खोक्याला लागणारे रुंद रोल आणणंच बंद केलं. आम्हाला वाटलं, दाजी आता खोका कपाटात ठेवणार. त्याऐवजी ते मुंबईला गेले आणि जाहिरातींच्या एका स्टुडिओनं काढून टाकलेली डिजिटल बॅक घेऊन आले. कॅमेऱ्याच्या मागचा रोलचा डबा काढायचा, तिथं ही बॅक बसवायची, तिची वायर कॉम्प्युटरला जोडायची. खट् केलं की फोटो पडद्यावर. बाजारात चेष्टा सुरू झाली, "अप्पानं म्हातारीला गॉगल घातला बे!" दाजी शांतपणे म्हणाले, "डोळा तिचाच हाय ना? मग झालं." त्यांना खटकलं ते वेगळंच. गिऱ्हाईक आता त्यांच्याकडे बघेचना, सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे. शेवटी दाजींनी पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्याच सुमारास अक्काचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी दाजींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पण अक्काला ते न सांगताच कळलं होतं. आम्हा लिंगायतांत माणूस गेल्यावर त्याला बसवून, भस्म लावून, समाधीला नेण्याआधी शेवटचा फोटो काढतात. दाजींनी असे पुष्कळ काढलेले. अक्काला तो नको होता. "डोळं मिटलेला फोटो नगं मला. भिंतीवर लावायचा फोटो मी माझ्या डोळ्यांनी बघून जाणार," तिनं हट्टच धरला.

आणि दाजी टाळत राहिले. आज लाईट नाही, उद्या वायर खराब, परवा पाहुणे. भारनियमनाचं तर आयतंच निमित्त. मला त्यांचा भयंकर राग यायचा. एकदा भांडलेच, "दाजी, ती वाट बघतीय. तुमी काढत कावून न्हाईत?" कॅमेरा पुसता पुसता ते म्हणाले, "मंगल, काढला तर ती जाईल गं." एवढा शहाणासुरता माणूस…

शेवटी एका दुपारी अक्काच रिक्षातून स्टुडिओत आली. मी सोबत होते. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लाईट हाय. काढा." दाजींनी काढला. मग भिंतीकडचा पडदा आपणहून तिच्याकडे वळवला. ती बराच वेळ बघत राहिली. खूप खंगली होती हो. "न्हाई. दुसरा काढा." दुसरा काढला. "हाबी न्हाई." असं करत दुपार कलली. एका माणसाला एकच फोटो म्हणणारे दाजी जराही न कुरकुरता काढत होते. मध्येच उठून तिचा पदर सारखा करत होते, कपाळावरचे केस मागे घेत होते. लाईट गेली तेव्हा कुठे दोघं थांबली.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "अक्का, एकबी आवडला न्हाई?"

ती हसली. "पहिलाच चांगला हाय गं. पण ह्या माणसानं इतका येळ माझ्याकडं कधी बघितलंच न्हाई. म्हणलं, बघू दे की."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. हे दाजींना सांगू नको, असं तिनं बजावलं होतं. मी कधीच सांगितलं नाही.

अक्का गेली, आणि भिंतीवर लागला तो पहिलाच फोटो. मी चक्रावले. "दाजी, हा तर तिनं नापास केलता." त्यांनी फोटोचा हार सारखा केला. मग म्हणाले, "पहिल्याच खटक्याला कळलतं मला, फोटो झाला म्हणून. ती न्हाई म्हणली अन् मला लई बरं वाटलं… म्हणलं, तेवढीच अजून बसंल समोर."

त्या दुपारचा एकही फोटो त्यांनी पुसला नव्हता. भाचा सांगत होता, रोज सकाळी चहा घेऊन बसायचे आणि शेवटच्यापासून मागे मागे एकेक बघत जायचे. बाहेर गिऱ्हाईक आलं तरी पहिल्यापर्यंत पोचल्याशिवाय दार उघडायचे नाहीत. दाजी गेले त्या दिवशी मी स्टुडिओत पोचले तेव्हा त्यांना घरी नेलं होतं, पण कॉम्प्युटर तसाच चालू होता, पडद्यावर अक्का. निम्मे फोटो बघायचे राहिले होते. माणसं जमत होती, कुणीतरी मला हाका मारत होतं. मी दार लोटून घेतलं आणि राहिलेले सगळे बसून बघितले.