सुधीरला खाली घ्या

एका माणसाला पत्र लिहायचं नाही म्हणून उरलेल्या सगळ्या जगाला पत्रं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मोठा साडू निघाला. रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण स्टोअर ते कोपरखैरण्याच्या घरी घेऊन आले. डाळींच्या डब्यांवर आत काय आहे, कधी भरलं आणि कोणी भरलं याच्या चिठ्ठ्या असतात. फुटलेला कप टाकायचा झाला तरी वहीत दोन सह्या लागतात, एक त्यांची आणि एक ताईंची. ताई म्हणजे माझी मोठी मेहुणी. ‘सही करायला कुणीतरी लागतं म्हणून, नाहीतर यांनी मलाही कधीच मोजून कपाटात ठेवलं असतं,’ असं त्या म्हणतात.

एका रविवारी त्यांचा फोन आला. ‘साडूभाऊ, मेलमध्ये बिघाड आहे. या.’ मागे एकदा मी त्यांचा प्रिंटर, वायर काढून परत लावून, चालू केला होता. तेव्हापासून त्या घरात मी तज्ज्ञ समजला जातो. बिघाड असा होता, की पत्त्याच्या जागी ‘एस’ दाबला की तो प्रोग्राम आपणहून पाच नावांची यादी पुढे करायचा आणि त्यात पहिलं नाव यायचं सुधीरचं. सुधीर हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. राहतो जुईनगरला, म्हणजे लोकलनं मध्ये एकच स्टेशन, तुर्भे, लागतं. पण दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण कसलं, तर साडूंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं. ते लग्न खरं तर सुधीरनंच उभं केलं होतं. हॉल, केटरर, मानाच्या साड्या, सगळ्याचे मेल दोघा भावांत दिवसातून दहादा व्हायचे. म्हणून तर त्याचं नाव यादीत डोक्यावर जाऊन बसलं. पण पत्रिका छापून आली तेव्हा निमंत्रकांत मामाचं नाव वर आणि सख्ख्या काकाचं त्याच्याखाली. नावं साडूंनी स्वतः लावली होती, वयाप्रमाणे. ‘मामा अकरा महिन्यांनी मोठा आहे. ज्येष्ठता म्हणजे ज्येष्ठता,’ हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे. सुधीर लग्नाला आला, पाहुण्यासारखा मागच्या खुर्चीत बसला, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. त्याला पत्रिका लागली, यांना त्याचं न जेवणं लागलं. दोघंही हट्टी, त्यामुळे फोन कुणीच केला नाही.

मी म्हटलं, ‘सोपं आहे. नावावर बाण न्या, शेजारी फुली येते, ती दाबली की नाव गेलं.’

त्यांनी माझं मनगट धरलं. ‘काढायचं नाही.’

‘मग?’

‘खाली घ्या त्याला.’

‘तसं बटण नसतं हो. ज्यांना जास्त लिहाल ते वर येतात, मग बाकीचे आपोआप खाली जातात.’

हे मी सहज बोलून गेलो, आणि तिथंच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवसापासून ‘एस’वाल्यांची काही धडगत राहिली नाही. सावंत, शेलार, शिंदे, सोसायटीचं ऑफिस, सगळ्यांना पत्रं सुटली. एका डॉक्टर शहांनी फार पूर्वी त्यांची दाढ काढली होती. त्यांना ‘दाढेच्या जागी आता बरं आहे’ असं सविस्तर कळवण्यात आलं. मी त्यांच्याकडे ‘साडू’ म्हणून नोंदलेला, तेव्हा मीही सुटलो नाही. रोज सकाळी माझ्या गुडघ्यांची चौकशी. पाण्याच्या फिल्टरवाल्या कंपनीचं ‘सपोर्ट’सुद्धा ‘एस’मध्येच. त्यांना हे आभाराचं पत्र लिहायचे, तिकडून तक्रार नंबर यायचा, नंबराबद्दल हे पुन्हा आभार मानायचे, की दुसरा नंबर. शेवटी एका मुलीचा फोन आला. ‘सर, एक्झॅक्ट प्रॉब्लेम काय आहे तुमचा?’ हे म्हणाले, ‘काहीच नाही, बेटा. चांगलं चाललंय, तेच कळवतोय.’ ती बिचारी म्हणाली, ‘असं कुणी लिहीत नाय, सर.’

मधूनमधून मला अहवाल यायचा. ‘दुसऱ्यावर आला.’ मग ‘तिसऱ्यावर.’ ‘चौथ्यावर’ म्हणाले तेव्हा आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. ताई मला म्हणाल्या, ‘नुसतं टेन्शन आहे. दिवसातून चारदा एस दाबतात आणि बघत बसतात.’

मग एका दुपारी फक्त ‘या’ एवढाच निरोप आला. गेलो तर साडू स्क्रीनसमोर बसलेले. ‘एस’ दाबला, पाच नावं आली. त्यात सुधीर नव्हता.

‘झालं की मनासारखं,’ मी म्हटलं.

‘मी खाली घ्या म्हटलं होतं, साडूभाऊ. घालवा म्हटलं नव्हतं.’

एवढ्या काटेकोर माणसानं भावाचा मेलचा पत्ता कुठंही लिहून ठेवला नव्हता. ‘एस दाबला की यायचा ना तो,’ ते म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी जुने मेल धुंडाळायला बसलो. अर्ध्या तासानं सुधीरचा शेवटचा मेल सापडला, पत्रिका छापून येण्याच्या आदल्या दिवशीचा. ‘दादा, केटररशी बोललो. तू चार दिवस धड जेवत नाहीस असं वहिनी म्हणाली. जेवत जा. बाकी मी बघतो.’

साडूंनी तो तीनदा वाचला. ‘याला उत्तर गेलेलं नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘दोन वर्षं माझ्या टेबलावर कागद पडून आहे.’

मी खुर्ची दिली. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, ‘चि. सुधीर यास आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. उत्तरास विलंब झाला. मी आता वेळेवर जेवतो. तू त्या दिवशी जेवला नाहीस, ते राहून गेलं आहे. दादा.’

‘पाठवा आता,’ मी म्हटलं. ते ऐकेनात. असलं पत्र स्वहस्ते द्यायचं असतं आणि त्याची पोच घ्यायची असते, म्हणाले. दोन प्रती छापल्या, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि उन्हातच जुईनगरला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोचेची प्रत माझ्यापुढे ठेवली. खाली सुधीरची सही, तारीख, आणि एक ओळ: ‘मिळालं. दादाला जेवायला घालून पाठवतो आहे.’

साडूंनी कागद फाइलीला लावला, कडा सारख्या केल्या आणि बराच वेळ हात तिच्यावरच ठेवला.

‘त्यानं केस रंगवायचं सोडलंय हो,’ ते म्हणाले. ‘पार पांढरा झालाय. मी दारात त्याला ओळखलंच नाही.’