हरेशचे जर्मन म्हातारे

सारसोळ्याच्या हरेशला मी कधी काम करताना पाहिलेलं नाही. धंदा सुरू करताना मात्र अनेकदा पाहिलं आहे. वडिलांची शेती नवं शहर वसवताना सरकारने घेतली, बदल्यात मिळालेल्या जागेवर इमारत उभी राहिली आणि तेव्हापासून भाडेकरू हेच या माणसाचं पीक. मीही त्यातलाच एक, पहिल्या मजल्यावरचा. खालचा रस्त्याकडेचा गाळा मात्र त्याने स्वतःच्या पराक्रमासाठी राखून ठेवला होता. तिथे पाणी शुद्ध करायची यंत्रं आली आणि परत गेली. मग शोभेचे मासे आले, ते मेले.

बायको सुचिता दिवाळे गावची, कोळ्यांची मुलगी. तिला त्या गाळ्यात सुक्या मासळीचं दुकान थाटायचं होतं. मासे मेल्यावर तिने बजावलं, "आता शेवटचा धंदा करा. तो बुडला का गाल्याची चावी मना द्यायची."

"बुडनार कसा? या वेलेला इंटरनॅशनल आयटम हाय," हरेश म्हणाला.

तो आयटम म्हणजे एक लाकडी म्हातारा. हरेशचा शाळासोबती, मोरा बंदरावरचा अरमान, जहाजावर नोकरीला आहे. त्याने जर्मनीहून तो भेट म्हणून आणला होता. तिकडे नाताळच्या दिवसांत घरोघरी असे म्हातारे मांडतात. कमरेपाशी तो उघडायचा, आत धुपाचा कोन पेटवून ठेवायचा, वरचा भाग बसवायचा, की तोंडातून, चिलमीमागून, धूर येतो. अरमानने हे नीट सांगितलं होतं. हरेशने ऐकलं आणि म्हातारा प्लास्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये ठेवला. त्याच्या घरात रिमोटपासून सोफ्यापर्यंत कशाचंच प्लास्टिक निघत नाही. वस्तू वापरली की तिचा भाव जातो, हे त्याचं अर्थशास्त्र. म्हातारा एकदाही पेटला नाही.

असे म्हातारे आपणच बनवायचे आणि 'जर्मन पद्धतीचे' म्हणून विकायचे, असं त्याने ठरवलं. तुर्भ्याच्या गोटीराम सुताराला शिवणीच्या लाकडाचं काम दिलं. नमुना पिशवीतूनच दाखवला. म्हाताऱ्याच्या बुडाला एक भोक होतं. ते पाहून हरेशला केवढा आनंद झाला!

"बघ, जर्मनीचा माल, पन फिनिशिंग नाय. आपल्याला असला चालनार नाय. गोटीराम, आपल्या मालाला भोक नको, लांबी भरून बुजव, पॉलिश मार."

"भरू ना शेठ," गोटीराम म्हणाला. त्याला सांगाल ते तो भरतो. शोभेच्या माशांच्या टाकीचं झाकणही त्यानेच ठोकून बंद केलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला गाळा म्हाताऱ्यांनी भरला. दिसायला ते बरे होते, हे मान्य करतो. उरणचा तौहीद, ज्याचं सीवूड्सला भेटवस्तूंचं दुकान आहे, माल बघायला आला. तो घेणार असेल तर धंदा तरणार होता. हरेशला प्रेक्षक लागतो, म्हणून मलाही बोलावणं आलं. सुचिता आपणहून दारात येऊन उभी राहिली.

हरेशने कोन पेटवला, म्हातारा बसवला आणि टाळी वाजवली. धूर आला नाही. पंख्याच्या वाऱ्याने कोन विझला म्हणून पंखा बंद केला. दुसरा म्हातारा घेतला, त्यातलाही विझला. मग कोनच दमट आहे असं ठरलं. आम्ही सगळे घामाने निथळत त्या लाकडी तोंडांकडे बघत होतो.

"हरेशशेठ," तौहीद म्हणाला, "तुमचा म्हातारा चिलीम पितो, की डॉक्टरने बंद केलीय?"

मग त्याने गाळ्यात नमुना म्हणून मांडलेला जर्मन म्हातारा उचलला आणि पिशवी फाडली. हरेश असा ओरडला की जणू त्याचीच कातडी सोलली. तौहीदने तोच कोन पेटवून आत ठेवला. थोड्याच वेळात चिलमीमागून धूर निघाला, अगदी आरामात. तौहीदने तो म्हातारा डोळ्यांपुढे उंच धरून खालून पाहिला.

"याला खाली भोक आहे. तुमच्यांना नाही. हवा कुठून जाणार?"

"ती त्यांची चूक हाय. मी सुधारली."

"सुधारली? अरे बाबा, भोकं पाडून आणा, सगळा माल उचलतो. नाताळ तोंडावर आलाय."

गोटीरामचं एका दुपारचं काम होतं. गाळा वाचत होता, अब्रूही वाचत होती. हरेशने छाती काढली.

"भोकाचा माल माज्या नावानं जानार नाय."

तौहीद माझ्याकडे बघून हसला आणि निघाला. सुचिताने हात पुढे केला. "चावी."

"मार्केट तयार नाय," हरेश मला म्हणाला. चावी मात्र दिली.

सुचिताने दुसऱ्याच दिवशी गोटीरामला बोलावून सगळ्या म्हाताऱ्यांना भोकं पाडून घेतली आणि माल तौहीदकडे धाडला. नाताळाआधीच गाळ्यात बोंबील, जवळा आणि सोडे लागले. वास माझ्या खोलीपर्यंत येतो, तक्रार नाही.

हरेश दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की त्याचा माल सीवूड्सला हातोहात खपला. बायकोने पाडलेल्या भोकांचा उल्लेख तो करत नाही. आता म्हणे तो लाकडी घड्याळांचा विचार करतो आहे. सुचिताने चावी कमरेला बांधली आहे, हे बरं केलं.