पाच गोळ्या, सहा घरं

परीच्या मांडीवर रिवॉल्वर होती अन् ती दोन्ही हातांनी चाप ओढत होती! माझी चार वर्षांची परी! दसऱ्याची सकाळ, ओट्यावर शस्त्रांची पूजा मांडलेली, घरमालक काका कापूर आणायला आत गेलेले, मी पाठ फिरवून निरांजन लावत होते, तेवढ्यात. काकांनी काढून ठेवलेल्या गोळ्या वाटीत होत्या. बघितल्या तर पाच. अन् चक्रीला घरं सहा! म्हणजे एक आतच! मी झडप घातली, हिसकावली अन् कपडे भिजवलेल्या बादलीत फेकून दिली.

थांबा, आधी काकांचं सांगते. आख्ख्या सिल्वासात वस्तूला इतका जीव लावणारा माणूस नाही. इथल्या अथाल गावात त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो. कोकणातले, सरकारी नोकरीतून रिटायर, काकू वारल्या, राहिली ती वडलांची लायसनची जुनी रिवॉल्वर. आमचे हे एकदा चुकून पिस्तूल म्हणाले, तर काका खवळले, "डोळे आहेत की बटणं? ही चक्री दिसत नाही?" दर रविवारी नळीत चिंधी घालणार, दातांच्या जुन्या ब्रशने कोपरे घासणार, तेलाचा एकेक थेंब सोडणार, अन् मग नळीवरचा झिजलेला नंबर भिंगातून लायसनशी जुळवणार, जसा काय आठवड्यात बदलला असेल! मलाही शिकवायचे, "बघ पोरी, घोडा हाताने ओढायला नको. चाप दाबला की चक्री फिरते, घोडा आपोआप उठतो नि पडतो. चाप जड, म्हणून हळू." मी सातवी नापास, पण हे पाठ झालं. स्वतः काका एकदाच सरावाला गेलेले, एकही गोळी निशाणाला लागली नाही. "निशाणच वाकडं लावलेलं," म्हणाले. पूजेचं हळदकुंकू मात्र सवाष्णीच्या हातचंच पाहिजे, म्हणून मला बोलावलेलं.

तर काका कापूर घेऊन बाहेर आले अन् किंचाळले, "अगो, साबणाच्या पाण्यात!" परीकडे बघायच्या आधी त्यांचा हात बादलीत!

"आत गोळी होती ना!" मी ओरडले.

"कसली गोळी? मी पाचच भरतो! जुन्या रिवॉल्वरीत घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं असतं, धक्का लागून उडू नये म्हणून!"

मग हे कधी सांगितलं? नळी सांगितली, तेल सांगितलं, हेच तेवढं नाही! अन् पोर खेळतंय तिथे ती उघडी ठेवून आत कोण गेलं? तसं तोंडावर बोललेसुद्धा.

दोन दिवस काका रिवॉल्वर पुसत बसले. मग यांच्याकडे निरोप, तिला म्हणावं माफी माग, नाहीतर दुसरी खोली बघा. हे गलोंडा गावातल्या कंपनीतून थकून येतात अन् रोज तेच, "माग ना, काय जातं तुझं? असा घरमालक मिळेल का?"

नाही मिळणार, मला माहितेय. परीला ताप चढला तेव्हा भर पावसात स्कूटरवर दवाखान्यात काकांनीच नेलं. काल ती त्यांच्या ओट्यावर गेली, तर तिला चिक्की दिली, केस नीट केले, अन् माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जीव तुटतो हो. पण माफी नाही मागणार. वाटीत पाच होत्या, पोरीचं बोट चापावर होतं. तुम्ही सहावी कुठे म्हणून विचारत बसला असता का?