नटावरचा गेरू

हे म्या आजपर्यंत कोणालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, पोराईले नाई, देवालेही नाई — देवापुढं बसलो का दुसरंच काहीबाही मागत राह्यलो. तुमी समोर बसले आहात असं धरून बोलतो. मधीच थांबलो तर थांबू द्या. या गोष्टीच्या आजूबाजूनं लय वर्सं चाललो, सरळ तिच्यात पाय टाकायची सवय नाई मले.

मी हिंगणघाटचा मोटरमिस्त्री. आता हात कापतात, पण तवा जवान होतो अन् अंगात भलतीच मस्ती होती. इंग्रज जाऊन काही वर्सं झालती. गावात मोटरी मोजक्या. त्यातली एक कापसाच्या एका शेठची, अन् तिचे ड्रायव्हर म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचे नवरे, आमचे भाऊजी. बहिणीले आमी बाई म्हणत होतो. भाऊजी कसे होते म्हणाल — तर कोणाच्या अध्यात ना मध्यात. पानाशिवाय दुसरा शौक नाई. गाडी काढायच्या आधी खाली वाकून पाह्यल्याशिवाय चाक हलवत नव्हते. मी त्याईची लय मजा घ्यायचो त्याच्यावरून. "भाऊजी, गाडीखाली काय लक्ष्मी बसली हाय का?" ते नुसते हसत.

एका उन्हाळ्यात शेठची मोटर पाण्यावाचून तापली अन् तिच्या इंजिनाले तडा गेला. गाडी वरून नवरीसारखी, आतून मेलेली. अन् तिकडं नालवाडीले एका वकिलाच्या आवारात तशीच एक मोटर निंबाखाली गंजत पडलती. पत्रा असा गंजलेला का बोट लावलं तर आत जाये. मागच्या गादीत कोंबड्या अंडे देत होत्या. पण म्या हँडल मारून पाह्यलं — इंजिन ठणठणीत! मंग ठरलं, हिच्या पोटातलं सारं काढायचं अन् तिच्या पोटात बसवायचं. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकाईपर्यंत जाणारा लांब शाफ्ट, मागचा आस. कडब्यावर ठेवून बैलगाडीतून आणलं सारं. भाऊजी पूर्ण रस्ता गाडीसोबत पायी चालले, इंजिनावर हात ठेवून, जशी काही बाळंतीणच माहेरी आणून राह्यले.

पावसाळाभर ते काम चाललं. तीन लाकडी बल्ल्या उभ्या करून, साखळीनं इंजिन वर टांगून, इंच-इंच खाली सोडायचं. बसता बसे ना. जुनी भोकं जुळे ना, नवी पाडली. भाऊजी शेठकडून सुटले का माह्याकडं येत अन् घासलेटात एक-एक भाग धूत बसत. खोटं काऊन बोलू — त्या दिवसाईसारखे दिवस मले पुन्हा आले नाईत. मी शिव्या देत होतो, ते हसत होते, माय चहा आणून देत होती.

माह्या दुकानात एक रीत होती. नट पक्का आवळला, त्यातून पिन घातली, का त्याच्यावर गेरूचं बोट टेकवायचं. बोट नाई म्हणजे काम बाकी. ही रीत कोणी पाडली? भाऊजीनंच. मी इसराळू, म्हणून. "तुह्या डोक्यावर भरोसा नाई बाप्पा, गेरूवर हाय," म्हणत. चारचौघात म्हणत. मले ते लागत होतं. म्या कधी दाखवलं नाई, पण लागत होतं.

पाहा, मी अजून तिथंच घुटमळून राह्यलो.

दसरा आला. शेठच्या मायचा गिरडच्या दर्ग्याले नवस होता. तिले दसऱ्यालेच, अन् आपल्या घरच्या मोटरीतूनच जायचं होतं. आदल्या दिवशी सारं जुळलं, इंजिनानं पहिल्या झटक्यात आवाज दिला, अन् आमी दोघं पोरासारखे नाचलो. त्या नाचण्यात एक काम राह्यलं. गिअरबॉक्सले शाफ्ट जिथं जुळते, तिथले चार नट म्या नुसते हातानं फिरवून ठेवले होते, पिनाही बाकी होत्या. सकाळी पाना लावू म्हटलं.

सकाळी उठून पाहतो तर मायनं सारे पाने, हातोडे धुऊनपुसून पाटावर मांडलेले. हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचे फुलं वाहिलेले. आमच्याकडं दसऱ्याले हत्यार पूजलं का त्या दिवशी उचलत नाईत. तुमी म्हणाल, मंग त्यात तुही काय चूक? थांबा. "माय, एक पाना दे" एवढं म्हटलं असतं, तर तिनं देवाची माफी मागून तो माह्या हातात ठेवला असता. हे मले तवाही ठाऊक होतं. पाटाची आड घेतो असं समजू नका. मी पाटापुढं उभा राह्यलो अन् हात पुढं केला नाई, एवढंच.

तेवढ्यात भाऊजी आले. धुतलेला कोट, डोक्यावर नवी टोपी. "सारं आवळलं ना रे काल? आज हत्यार मिळायचं नाई."

"कालच आवळलं," म्या म्हटलं.

काऊन म्हटलं? "इसरलो" म्हणायची लाज वाटली. पुन्हा ते हसले असते, शेठकडं जाऊन चारचौघात बोलले असते. बस्स, इतकीशी गोष्ट. भाऊजी मायच्या पाया पडाले आत गेले. मी गाडीखाली सरकलो अन् चारही नटाईवर गेरूचं बोट टेकवलं. एक, दोन, तीन, चार. वाटलं, जाऊन-येऊन होईन एवढं, उद्या आवळून टाकू.

भाऊजी बाहेर आले, कोट सावरून खाली वाकले, लाल ठिपके पाह्यले अन् माह्या पाठीवर थाप मारली. "शाबास. संध्याकाळी सोनं द्याले येतो."

गिरडच्या अलीकडं उतारावर शाफ्ट सुटला. त्याचं तोंड रस्त्यात रुतलं अन् गाडी उलटली. शेठच्या मायचं कंबरडं मोडलं, ती बिचारी पुन्हा उठली नाई, होळीच्या आत गेली. भाऊजीच्या उजव्या हाताचा चेंदामेंदा झाला.

गाडी पाहाले कोणाले बोलावलं असन? मलेच. मिस्त्री मीच होतो ना. मी खाली घुसलो. नट गळून गेलते, एकच राह्यला होता, बोल्टाच्या टोकावर अडकलेला. त्याच्यावर माह्या बोटाचा गेरू. म्या तो दोन बोटानं काढला — पाना लागलाच नाई — अन् खिशात टाकला. बाहेर आलो. शेठनं सगळ्यापुढं विचारलं, "मिस्त्री, गाडीत खोट होती का?"

म्या म्हटलं, "नाई. शाफ्ट गाडी उलटल्यावर सुटला."

मले वाटलं होतं, भाऊजी तरी माह्यावर बोट दाखवतील. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्याईनं शेठले काय सांगतलं, ऐका. "मिस्त्रीचं काम पक्कं होतं. म्या सोता गेरू पाह्यला. माहीच चूक असन." मी तिथंच खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. बोलायचं होतं तर तवाच बोलायचं होतं. मी पाणी आणाले म्हणून बाहेर निघून गेलो.

मंग लोकाईनं बाकीचं जुळवलं. सणाचा दिवस, ड्रायव्हर माणूस — दारू पेला असन. आमचा जिल्हा दारूबंदीचा, इथं तो आळ चिकटला का निघत नाई. शेठनं काढून टाकलं. ज्या माणसानं वाकून पाह्यल्याशिवाय गाडी हलवली नाई, त्याले पोरं दारूच्या अध्ध्यावरून "अध्धा ड्रायव्हर" म्हणून चिडवत. ते जिनिंगच्या फाटकावर चौकीदार झाले. पुन्हा चाकाले हात लावला नाई. अन् बाई — माही बहीण — ते घरी आले का जवळ जाऊन त्याईच्या तोंडाचा वास घ्यायची. माह्यासमोर घ्यायची. ते घेऊ देत.

त्या इंजिनाले काहीच झालं नव्हतं. शेठनं ते विकलं, अन् बाईच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की निघाली, तिले म्याच ते बसवून दिलं. रोज सकाळी सुरू होये. त्या आवाजात भाऊजी पायरीवर बसून राहत अन् मी गेलो का विचारत, "काय चुकलं असन रे माह्यं त्या दिवशी? उतारावर म्या काय केलं असन?" किती वेळा विचारलं असन! मी म्हणायचो, "जाऊ द्या भाऊजी, वेळ वाईट होती." ते मान हलवत. दिवाळीले बाई अंगणात गेरू देत होती, अन् मी काहीतरी काम काढून तिच्या घरी जायचं टाळत होतो. चक्की कधीची बंद झाली. मले अजूनही सकाळी ऐकू येते.

भाऊजी गेले तवा दहाव्याच्या दिवशी बाई मले म्हणाली, "जाता जाता माह्या हाताले धरून म्हणाले, त्या दिवशी म्या घेतली नव्हती. म्या हो म्हटलं. पण खरं सांगू का बाबू, मले खरं नाई वाटलं." असं म्हणून तिनं माह्यापुढं चहा ठेवला. अन् म्या तो पेलो. पूर्ण पेलो.

गेल्या आखाडात बाईही गेली. माय तर कधीचीच गेली, शेठचंही कोणी इथं राह्यलं नाई. जिले सांगायचं होतं ती होती तोवर तोंड उघडलं नाई, अन् आता कोणी उरलं नाई तवा तुमाले सांगून राह्यलो. हाही भित्रेपणाच होय, मले कळते.

नट मी आवळले नव्हते. गेरू माह्या बोटाचा होता. अन् बाई, भाऊजी पेले नव्हते.